पळसाखाली घालवा एक तास

वसंतात रान उघडे होते, फुलते आणि पाहुण्यांना बोलावते. पण याच दिवसांत तिथल्या घराघरांत पाळणाही हलत असतो. कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने काय पाहावे, कसे पाहावे आणि कुठे थांबावे?

पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा. रान मात्र पंचांग पाहून फुलत नाही. माघातच काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर वाटीएवढी लाल फुले येऊ लागतात. पाठोपाठ पांगारा रंगतो आणि होळीच्या सुमारास पळस पेटतो. घरोघरी रंगपंचमीची तयारी चालू असते, तेव्हा विदर्भापासून झारखंडपर्यंतच्या टेकड्या आणि माळराने केशरी झालेली असतात. मुलांच्या परीक्षा संपल्या की अनेक कुटुंबे याच दिवसांत जंगलाची सहल आखतात.

अशा सहलीहून परतलेल्यांना "काय काय पाहिले?" असे विचारले, तर उत्तर बहुधा एका वाक्यात संपते. वाघ दिसला, नाहीतर वाघ दिसला नाही. मधले सारे रान जिप्सीच्या धुळीत मागे राहून जाते. खरे तर वर्षभरात जंगल इतके मोकळेपणाने दुसऱ्या कोणत्याही ऋतूत दिसत नाही. त्यासाठी धावपळ मात्र कमी करावी लागते.

उघडे पडलेले रान

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरचे पेंचचे जंगल हे याचे उत्तम उदाहरण. नागपूरच्या उत्तरेला पसरलेले हे रान मुख्यतः सागाचे. मोगलीची गोष्ट ज्या सिवनीच्या टेकड्यांत घडते, त्या याच. पावसाळ्यानंतर इथे हिरवा पडदा इतका दाट असतो, की दहा पावलांवरचे जनावरही दिसू नये. फाल्गुनात सागाची मोठी पाने गळून पडतात आणि हा पडदा दूर होतो. ऐन, सालई, मोह यांच्या फांद्या मोकळ्या होतात. कांडोळाची पांढुरकी खोडे टेकडीच्या उतारावर दुरूनही उठून दिसतात. अंधाऱ्या रात्री ती चमकलेली पाहून गावकऱ्यांनी त्याला भुताचे झाड म्हटले, यात नवल नाही. त्यातच कुसुमाला लालचुटूक पालवी फुटते. फुले समजून जवळ जावे, तर ती कोवळी पानेच असतात.

दुसरीकडे पाणी आटत जाते. पेंच नदीचा प्रवाह तुटतो आणि पात्रात ठिकठिकाणी डोह उरतात. टेकड्यांवरचे गवे गवत आणि पाण्याच्या शोधात खाली येतात. चितळांचे मोठाले कळप तोतलाडोह जलाशयाच्या काठच्या कुरणात उतरतात. पाने नाहीत म्हणून प्राणी दिसतात आणि पाणी थोडे म्हणून ते ठरावीक जागी येतात. छायाचित्रकाराला याहून अधिक काय हवे?

परंतु जे आपल्याला सोयीचे, तेच त्या प्राण्यांना अडचणीचे असते. आडोसा गेलेला, पाणी दूर आणि अनेकांच्या घरट्यात अंडी किंवा पिल्ले. वसंतातले जंगल पाहायला जाणाऱ्याने ही दुसरी बाजू आधी समजून घेतली पाहिजे.

एक झाड, अनेक पाहुणे

पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. वसंतात तर तीही नसतात, नुसती फुले असतात. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात. हा पोपट तर नव्हे, असा प्रश्नच त्या नावात दडलेला आहे, कारण फुलाची मुख्य पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते. गंध नाही म्हणून सुभाषितकारांनी या झाडाला नावे ठेवली. पक्ष्यांना मात्र वासाशी फारसे कर्तव्य नसते. रंग दिसला आणि आत मध असला, की त्यांचे काम झाले.

अशा एखाद्या फुललेल्या पळसापासून पंधरा-वीस पावलांवर, सूर्य उगवल्यानंतर, सावलीत तासभर शांत बसून पाहावे. पहिली दहा मिनिटे काहीच घडत नाही. आपण आल्यामुळे जे उडाले, ते परत यायला तेवढा वेळ लागतो. मग साळुंक्या येतात. त्यांच्या कपाळावर पिवळसर पराग लागतो आणि तोच त्या पुढच्या झाडावर नेतात. कोतवाल येतो तो मधासाठी आणि मधाला जमलेल्या किड्यांसाठीही. जांभळा शिंजीर एवढासा, पण दुसरा नर दिसला की त्याला फांदीफांदीवरून हाकलतो. वर्षाचे काही महिने मळकट दिसणारा हा नर याच दिवसांत निळ्याजांभळ्या चकचकीत पिसांत मिरवतो. पोपटांचा थवा आला की पळसाचे नुकसान ठरलेले. ते फुले तोडून खाली टाकतात. खारी कळ्या कुरतडतात आणि वानरांची टोळी आली तर फांद्याच ओरबाडते.

खाली पडलेले वाया जात नाही. वानरांनी टाकलेली फुले आणि पाने टिपायला चितळ येतात. या दोघांची सोबत मध्य भारतातल्या रानात नेहमी दिसते. वानर उंचावरून दूरचे पाहते, चितळाचे नाक आणि कान तीक्ष्ण असतात. वाघ किंवा बिबट्या दिसताच वानर खाकरल्यासारखा आवाज काढते, चितळ तीक्ष्ण शीळ घातल्यासारखा ओरडते आणि दोघेही सावध होतात. सांबराचा घोगरा, ठणकावून दिलेला इशारा ऐकू आला, तर जाणकार वाटाडे गाडी बंद करायला सांगतात. सांबर उगाच ओरडत नाही, असा त्यांचा अनुभव असतो.

काटेसावरीवर अशीच जत्रा भरते. तिथे कधी कधी भोरड्यांचे गुलाबी-काळे थवे दिसतात. मध्य आशियातून आलेले हे हिवाळी पाहुणे उन्हाळा चढण्याआधी परत जायच्या तयारीत असतात. एका झाडावर तासाभरात आठ-दहा जातींचे पक्षी सहज दिसतात. गाडीतून तीस किलोमीटर भटकूनही पुष्कळदा एवढे पाहून होत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात वाहनातून उतरता येत नाही. तिथे वाटाड्याला सांगून फुललेल्या झाडाजवळ गाडी उभी करावी आणि इंजिन बंद करावे. खाली बसून पाहायचे असेल, तर गावशिवारातला, बांधावरचा किंवा परवानगी असलेल्या वनातला पळस निवडावा. पक्ष्यांना गाभा आणि शिवार यांतला फरक कळत नाही.

मोहाखालची पहाट

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची पांढुरकी, रसाळ फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. त्यांचा घमघमाट दूरवर जातो. रात्री वटवाघळे या फुलांवर येतात आणि परागीकरण करतात. उजाडताना खाली चितळ आणि अस्वल यांची हजेरी लागते. त्याच वेळी टोपल्या घेऊन गावातल्या बायका आणि मुलेही येतात. गोंड आणि इतर आदिवासी कुटुंबांना मोहफुलांचा मोठा आधार असतो. फुले वाळवून ती खाण्यासाठी, विकण्यासाठी आणि दारूसाठी वर्षभर वापरली जातात.

माणूस आणि जनावर एकाच झाडाखाली, एकाच वेळी येतात आणि तिथेच धोका असतो. अस्वलाची नजर अधू. खाण्यात गुंग असताना माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही आणि दचकले की ते पळण्याऐवजी अंगावर येते. वाघाच्या प्रदेशात तर वाकून फुले वेचणारे माणूस चार पायांच्या भक्ष्यासारखे दिसते, असे वनाधिकारी सांगतात. मोहाच्या हंगामात अशा हल्ल्यांच्या बातम्या दरवर्षी येतात. शहरातून आलेल्या हौशी छायाचित्रकाराने अस्वलाच्या फोटोसाठी पहाटे पायी मोहाखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. गावकरी तिथे जातात ते पोटासाठी.

मोहाशी जोडलेले आणखी एक दुखणे म्हणजे वणवा. फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन साफ केली जाते. आग आवरली नाही, तर वाऱ्याबरोबर डोंगरभर पसरते. मोठी झाडे तगतात. रोपटी, सरडे, कासवे आणि जमिनीवर घातलेली अंडी जळून जातात. म्हणून उन्हाळ्याआधी वनखाते जाळरेषा काढते, म्हणजे ठरावीक पट्ट्यातले गवत आणि पाचोळा आधीच जाळून टाकते, आणि आगीवर पहारा ठेवते. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुले झेलण्याचा उपाय रुजतो आहे. जाळीत फुले स्वच्छ राहतात, पाचोळा पेटवावा लागत नाही आणि भल्या पहाटे वाकून वेचणेही टळते. अशा जाळीचा आणि ती बांधणाऱ्या हातांचा फोटो हा वाघाच्या फोटोइतकाच जंगलाचा फोटो आहे.

घरटे दिसले तर?

वसंत हा पुष्कळ पक्ष्यांचा विणीचा काळ. तांबट वाळक्या फांदीत गोल भोक पाडून संसार थाटतो. त्याचे टुकटुक दिवसभर चालू असते. राखी धनेशाची तऱ्हा वेगळीच. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व चिखलाने ढोलीचे तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत ती अंडी उबवते, त्या काळात तिची उडण्याची पिसेही झडतात. वड, पिंपळ, उंबराची फळे आणि किडे आणून तिला आणि पुढे पिल्लांना भरवण्याची सारी जबाबदारी एकट्या नरावर असते. ढोलीसमोर कॅमेऱ्यांची रांग लागली, तर तो बुजतो, फेऱ्या कमी करतो. आत कोंडलेल्या कुटुंबाला दुसरा आधार नसतो.

टिटवी तर घरटेच बांधत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांच्या मधे खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालते. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या जमिनीवर ती अंड्यांवर सावली धरून बसते. पाण्याशी जाऊन पोटाची पिसे भिजवून आणते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. एखादा माणूस फोटोसाठी जवळ उभा राहिला, तर ती दूर उडून टिवटिवत घिरट्या घालते. माणसाला वाटते, छान हालचाल मिळाली. तिकडे अंडी उन्हात भाजत असतात. रातवाही पाचोळ्यावरच अंडी घालतो. वाट सोडून चालणाऱ्याच्या बुटाखाली ती केव्हा आली, हे त्याला कळतही नाही.

घरट्याचा फोटो नीट यावा म्हणून पुढची डहाळी बाजूला करणारेही असतात. तीच डहाळी पिल्लांना ऊन आणि कावळ्यांपासून वाचवत असते. काही जण ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला जवळ बोलावतात. आपल्या हद्दीत परका नर आला, असे समजून तो धावून येतो आणि चारा शोधायचे सोडून नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. वन्यजीव छायाचित्रांच्या अनेक स्पर्धा आता घरट्यांचे फोटो स्वीकारत नाहीत, त्याचे कारण हेच. घरटे दिसले, तर दुर्बिणीतून दुरून क्षणभर पाहावे, मुलांना दाखवावे आणि पुढे जावे. त्याची जागा चारचौघांत सांगत सुटू नये.

वाघ आणि गाड्यांचा गराडा

३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे रस्ता ओलांडत असताना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी वाट अडवली. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. वाहनचालक आणि वाटाडे यांच्यावर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. चालकांना शिक्षा झाली हे योग्यच. पण गाडी पुढे घ्यायला सांगणारे आवाज बहुधा मागच्या आसनांवरून येतात, हेही खरे.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाहनाने कोणत्याही वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखायचे असते आणि प्राणी पाहताना दोन वाहनांत ५० मीटर अंतर हवे. प्राण्याला घेरणे, आमिष दाखवणे किंवा खायला घालणे निषिद्ध आहे. चालक अंतर राखत असेल, तर त्याला घाई करू नये. उलट त्याचे कौतुक करावे आणि बक्षिशी वाघ दिसण्यावर ठेवू नये. ती वाघावर अवलंबून असली, की गाड्या शर्यतीला लागतात.

वन्यप्राण्यांचे उत्तम फोटो माणसाच्या अनुपस्थितीत मिळू शकतात, हे भारतात शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा तेव्हाच्या संयुक्त प्रांतातला, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडातला वनाधिकारी. बंदुकीच्या त्या जमान्यात त्याने वाघाच्या वाटेवर बारीक तार ताणून ती कॅमेऱ्याला जोडली. वाघाचा पाय तारेला लागला, की प्रकाश पडे आणि वाघाचा फोटो त्याच्याच पायाने निघे. ही छायाचित्रे १९२० च्या दशकात प्रसिद्ध झाली. आज व्याघ्रगणनेत वापरतात ते स्वयंचलित कॅमेरे त्याच कल्पनेचे वंशज. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ जागी असे कॅमेरे लावले होते.

कॅमेरा हाती घेताना

उजाडल्यापासूनचे दोन तास आणि मावळतीपूर्वीचा एक तास, हा प्रकाश सर्वांत चांगला. दुपारच्या उन्हात रंग फिके पडतात आणि प्राणीही विसावलेले असतात. पळसाचे फूल सूर्याच्या विरुद्ध बाजूने पाहिले, तर पाकळ्यांतून प्रकाश आरपार येतो आणि फूल दिव्यासारखे उजळते. आकाश पांढरे असेल, तर मात्र त्यापुढचा पक्षी काळा पडतो. अशा वेळी कॅमेऱ्यात प्रकाश थोडा वाढवून घ्यावा.

तीनशे-चारशे मिलिमीटरची लेन्स असेल तर उत्तम. फांदीवरून फांदीवर उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून अधिक ठेवावा. जिप्सीत तिपाई उभी राहत नाही. त्याऐवजी कापडी पिशवीत तांदूळ किंवा राजमा भरून ती दांड्यावर ठेवावी आणि तिच्यावर लेन्स टेकवावी. हात थरथरत नाही. प्राण्याचा डोळा स्पष्ट आला पाहिजे, बाकी थोडे पुसट चालते. फ्लॅश घरीच ठेवावा. मोबाइल फोनला अनेक व्याघ्र प्रकल्पांत मनाई आहे, तेव्हा प्रवेशद्वाराशी तिथले नियम विचारून घ्यावेत.

महागडा कॅमेरा नसेल, तरी काही बिघडत नाही. साधी दुर्बीण आणि वही-पेन्सिल मुलांना कॅमेऱ्यापेक्षा जास्त शिकवते. मळखाऊ हिरवे किंवा खाकी कपडे घालावेत, अत्तर लावू नये. पाण्याची बाटली आणि टोपी जवळ हवीच. खाण्याच्या पुड्यांचे कागद मात्र परत घरी आणावेत.

आपल्या दारचा वसंत

यासाठी पेंचलाच गेले पाहिजे असे नाही. हिमालयाच्या पायथ्याकडच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये बुरांस लाल होतो आणि शिंजीर त्यावर येतात. राजस्थानात रोहिडा फुलतो, आसामात बिहूच्या सुमारास ऑर्किडचे गुच्छ लोंबतात, केरळात विषूच्या आधी बहावा पिवळा होतो. शहरातल्या रस्त्याकडेलाही एखादी सावर किंवा पांगारा असतोच. दरवर्षी तेच झाड पाहावे. पहिले फूल कधी दिसले, कोणते पक्षी आले, पहिली पालवी केव्हा फुटली, याची तारीख वहीत लिहावी. झाडांच्या बहराच्या अशा नोंदी गोळा करणारा सीझनवॉच हा उपक्रम भारतात चालू आहे आणि पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्डवर देता येतात. ऋतू बदलत आहेत, असे सारेच म्हणतात. कुठे, किती आणि कोणत्या झाडासाठी, हे सांगायला अशा वर्षानुवर्षांच्या साध्या वह्याच उपयोगी पडतात.

यंदा होळीनंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी सहाला मुलांना उठवावे आणि जवळच्या पळसापाशी न्यावे. पहिली दहा मिनिटे ती कंटाळतील. त्या दहा मिनिटांत त्यांना घरी परत आणू नये, एवढेच पथ्य पाळायचे.